युतीतल्या धाकट्याचा हिशेब

पिंप्राळ्याच्या मतदाराला विधानसभेच्या मतदान यंत्रावर धनुष्यबाण शेवटचा दिसला तो १५ ऑक्टोबर २०१४ रोजी. जळगाव शहर मतदारसंघात तेव्हा शिवसेनेचे सुरेशदादा जैन उभे होते आणि भाजपचे सुरेश भोळे, म्हणजे अख्ख्या शहराचे राजूमामा. मामा निवडून आले. २०१९ मध्ये युती झाली आणि जागा विद्यमान आमदाराची म्हणून भाजपकडे राहिली. २०२४ मध्ये महायुतीतही तसंच झालं. त्या वेळी समोर मशाल होती, पण ती दुसऱ्या, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेची. लोकसभेला तर युती असेपर्यंत जळगावात कमळच. मधल्या काळात हुडकोतल्या किंवा रेल्वे गेटाजवळच्या मतदाराला धनुष्यबाणाचं बटण मिळालं ते २०१८ च्या महापालिका निवडणुकीत, आणि तेही भाजपच्या विरोधात. मुंबईत हे दोन्ही पक्ष तेव्हा एकाच मंत्रिमंडळात बसत होते.

आघाडी सरकारात धाकट्या पक्षाचं पुढच्या निवडणुकीत काय होतं, हा प्रश्न बहुतेक वेळा मतांच्या टक्केवारीत विचारला जातो. मला तो पिंप्राळ्याच्या त्या यंत्रावरून विचारावासा वाटतो, कारण आपल्याकडे धाकट्याचं भवितव्य मतदार बोट दाबायला जाण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं.

युरोपात तसं नाही. तिथे बहुतेक देशांत पक्ष वेगवेगळे लढतात आणि निकालानंतर एकत्र येतात. पुढच्या निवडणुकीत प्रत्येकाची पाटी पुन्हा वेगळी. त्यामुळे धाकट्याला सरकारात बसण्याची किंमत थेट मतपेटीत मोजावी लागते. हाइके क्लूवर आणि जे-जे स्पून या अभ्यासकांनी २०२० मध्ये युरोपातल्या अनेक देशांच्या निवडणुका तपासून हेच दाखवलं की धाकटा भागीदार झालेले पक्ष सहसा मतं गमावतात. कारण कळायला अवघड नाही. चांगलं झालं तर श्रेय पंतप्रधानाचं, वाईट झालं तर दोघांचं, आणि तडजोड केली तर धाकट्यानेच शब्द मोडला. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने २०१० मध्ये विद्यापीठांची फी वाढू देणार नाही असं लिहून दिलं होतं. काँझर्व्हेटिव्ह पक्षाबरोबर सत्तेत गेल्यावर फीची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. २०१० मध्ये ५७ खासदार असलेला हा पक्ष २०१५ मध्ये ८ वर आला. जर्मनीच्या एफडीपीची गतही तशीच. २००९ मध्ये १४.६ टक्के मतं घेऊन सत्तेत गेला, २०१३ मध्ये ४.८ टक्क्यांवर घसरला. तिथे संसदेत शिरायला ५ टक्के लागतात, म्हणजे थेट बाहेर.

आपल्याकडची रीत निराळी. इथे भागीदार निवडणुकीआधीच जागा वाटून घेतात. म्हणजे पिंप्राळ्यातल्या माणसाला शिवसेनेवर रागवायचं म्हटलं तरी बटण नाही आणि तिचे लाड करायचे म्हटलं तरी बटण नाही. त्याच्यासमोर युतीचा एकच उमेदवार. धाकट्याला शिक्षाही मोठ्याच्या चिन्हावर आणि बक्षीसही त्याच्याच चिन्हावर. मतदार धाकट्याला फारसा मारत नाही, कारण तो त्याच्या तावडीतच येत नाही. मारतं ते जागावाटप.

जागावाटपाचा शेवट एका कागदावर होतो. त्याला सगळे एबी फॉर्म म्हणतात. ‘ए’ नमुन्यात पक्ष कळवतो की उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, ‘बी’ नमुन्यात तो अधिकारी उमेदवाराचं नाव लिहून देतो. दोन्हींवर शाईची सही लागते आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडावे लागतात. २०२४ च्या विधानसभेला तो दिवस होता २९ ऑक्टोबर. त्या दुपारपर्यंत मुंबईच्या बंगल्यांवर फॉर्म्युले चालतात आणि तालुक्याच्या गावी लोक फोन हातात धरून बसतात. ज्या मतदारसंघासाठी एबी फॉर्म निघाला नाही तिथे पक्षाचं चिन्ह पाच वर्षं दिसत नाही, आणि तिथले कार्यकर्ते पाच वर्षं दुसऱ्याच्या उमेदवाराच्या चिठ्ठ्या वाटतात. एकदा वाटतील, दोनदा वाटतील. तिसऱ्यांदा ते एकतर बंड करतात, नाहीतर ज्याच्या चिठ्ठ्या वाटल्या त्याच्याच पक्षात जातात. धाकटा पक्ष असा झिजतो. मतांच्या टक्केवारीत ही झीज दिसते, पण नीट वाचता येत नाही. २०१४ मध्ये शिवसेनेने २८२ जागा लढवून १९.३ टक्के मतं घेतली. २०१९ मध्ये १२४ जागा वाट्याला आल्या आणि मतं १६.४ टक्के. यात लोकप्रियता किती घटली आणि बटणं किती घटली, हे कोणी वेगळं काढून दाखवावं.

या खेळात महाराष्ट्रातला सर्वांत हुशार धाकटा कोण, असं विचारलं तर माझं उत्तर आहे १९८९ ते २०१४ चा भारतीय जनता पक्ष. १९८९ मध्ये युती झाली तेव्हा राज्यात शिवसेना मोठा भाऊ. १९९० च्या विधानसभेला सेनेने १८३ जागा लढवून ५२ जिंकल्या, भाजपने १०४ लढवून ४२. १९९५ मध्ये सेना १६९ पैकी ७३, भाजप ११६ पैकी ६५, आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री. आकडे नीट पाहिले तर दर वेळी भाजपचा स्ट्राइक रेट वरचढ आहे. यात कौतुकाइतकंच गणितही आहे. ज्याला कमी जागा मिळतात तो सहसा आपल्या बळकट जागाच मागून घेतो. मोठ्याच्या गळ्यात उरलेल्या, न जिंकण्यासारख्या जागाही पडतात. म्हणून धाकट्याचा नुसता स्ट्राइक रेट पाहून भुलू नये. पण तोच आकडा पुढच्या जागावाटपात टेबलावर आपटायला फार कामाचा असतो.

२००९ मध्ये तो आपटण्याची वेळ आली. सेनेने १६० जागा लढवून ४४ जिंकल्या, भाजपने ११९ लढवून ४६. फरक दोनच आमदारांचा, पण विरोधी पक्षनेतेपद त्याने भाजपकडे गेलं आणि त्या खुर्चीत बसले मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे, म्हणजे नाथाभाऊ. धाकटा भाऊ मोठा झाल्याची पहिली सरकारी नोंद अशी जळगाव जिल्ह्यातल्या माणसाच्या नावावर झाली. पाच वर्षांनी सेनेने शेवटचा प्रस्ताव ठेवला तो १५१ जागा आपल्याला, ११९ भाजपला आणि १८ मित्रपक्षांना असा. म्हणजे २००९ मध्ये भाजपने लढवलेला आकडा जसाच्या तसा. जणू लोकसभेत मोदी लाट आलीच नव्हती. २५ सप्टेंबर २०१४ ला युती तुटली आणि ते जाहीर करण्याचं कामही नाथाभाऊंच्याच वाट्याला आलं. अर्ज भरण्याची मुदत २७ तारखेची. दोन दिवसांत राज्यभर उमेदवार उभे करायचे होते! त्यातून निकाल आला भाजप १२२, सेना ६३. जळगाव जिल्ह्याच्या ११ जागांपैकी भाजपला ६, सेनेला ३. जळगाव शहर त्या सहांतलं एक, आणि पिंप्राळ्यातून धनुष्यबाण गेला तो तेव्हाच.

सेनेची मोठ्या भावाची सवय मात्र लवकर गेली नाही. खरं तर कोण मोठा, कोण धाकटा यापेक्षा धाकट्यावाचून मोठ्याचं अडतं का, हे महत्त्वाचं. २०१४ मध्ये १२२ आमदारांच्या भाजपला राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला, तिथेच सेनेचा भाव कोसळला. ती काही आठवडे विरोधी बाकांवर बसली, विरोधी पक्षनेते होते एकनाथ शिंदे, आणि ५ डिसेंबरला मिळतील ती खाती घेऊन सरकारात गेली. २०१९ मध्ये भाजप १०५, सेना ५६. या वेळी भाजपला दुसरी वाट नव्हती आणि सेनेला होती. तिने ती धरली आणि उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. २०२४ मध्ये पुन्हा उलटं झालं. भाजपने १४९ जागा लढवून १३२ जिंकल्या, शिंदेंच्या शिवसेनेने ८१ पैकी ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीने ५९ पैकी ४१. बहुमताला लागतात १४५. भाजपला दोघांपैकी कोणताही एक पुरतो, म्हणजे कोणीही एक आवश्यक नाही. धाकटे दोन असले की त्यांची खरी स्पर्धा मोठ्याशी नसते, एकमेकांशी असते. आणि १९९० पासूनचा तो जुना नियमही आता चालत नाही. या वेळी सर्वांत जास्त जागाही मोठ्याच्या आणि सर्वांत चांगला स्ट्राइक रेटही मोठ्याचाच. पुढच्या जागावाटपात आपटायला धाकट्यांच्या हातात तो आकडा उरलेला नाही.

मग धाकटा टिकतो कशावर? जळगाव जिल्ह्यात याचं उत्तर माणसांच्या नावांत आहे. २०१९ मध्ये युतीत सेनेच्या वाट्याला इथल्या चार जागा आल्या, जळगाव ग्रामीण, पाचोरा, एरंडोल आणि चोपडा. चारही जिंकल्या, तेही जळगाव ग्रामीण आणि पाचोऱ्यात भाजपचे बंडखोर समोर असताना. मुक्ताईनगर भाजपकडे होतं. तिथे शिवसेनेचे चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी भाजपच्या रोहिणी खडसे यांना दोन हजारांहून कमी मतांनी पाडलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा हे चारही आमदार आणि चंद्रकांत पाटील शिंदेंबरोबर गेले. २०२४ मध्ये मुक्ताईनगर विद्यमान आमदाराची जागा म्हणून सेनेला सुटलं, पाटील धनुष्यबाणावर लढले आणि जिंकले. जिल्ह्यात महायुतीने अकराच्या अकरा जागा घेतल्या, भाजप ५, सेना ५, राष्ट्रवादी १. आता हिशेब पाहा. पाच वर्षांत सेनेने जिल्ह्यात एक जागा वाढवली, आणि ती चर्चेच्या टेबलावर मिळालेली नाही. ती मिळाली मित्रपक्षाच्या अधिकृत उमेदवाराला पाडून. युतीधर्माच्या भाषणांत हे कोणी सांगत नाही, पण कार्यकर्त्यांना बरोबर कळतं. म्हणूनच अर्ज माघारीचा दिवस इतका तापतो.

दुसरा आधार खात्याचा. घटनेनुसार मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, महाराष्ट्रात ही मर्यादा ४३ मंत्र्यांची. त्यामुळे धाकट्याला मंत्रिपदं मोजून मिळतात, आणि मिळालेलं खातं मतदाराच्या उंबऱ्यापर्यंत पोचणारं असलं तर बरं. जळगाव ग्रामीणचे सेनेचे आमदार गुलाबराव पाटील यांच्याकडे पाणीपुरवठा आणि स्वच्छता खातं उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात आलं. नंतर मुख्यमंत्री शिंदे झाले, मग फडणवीस झाले, खातं तेच राहिलं. खान्देशात पाण्याला काय किंमत आहे हे सांगायला नको, आणि घरोघरी नळ देण्याची जलजीवन मिशन योजना याच खात्यातून चालते. शिवाय जिल्ह्याचं पालकमंत्रिपद. जिल्हा नियोजन समितीत कोणत्या गावाला रस्ता, कोणत्या वस्तीला सभामंडप, हे पालकमंत्र्यासमोर ठरतं. राज्यात पक्ष धाकटा असला तरी त्या सभागृहात त्याचा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत असतो. पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो तेव्हा दर्शनाला सगळ्याच पक्षांचे पुढारी येतात. पण निवेदनाचा कागद लोक कोणाच्या हातात देतात ते पाहिलं की खरी सत्ता कुठे आहे ते समजतं.

मात्र माणसावर टिकलेला पक्ष त्या माणसाबरोबर हलतोही. राष्ट्रवादी काँग्रेसची गोष्ट याच जिल्ह्यात पाहण्यासारखी आहे. १९९९ पासून पंधरा वर्षं ती काँग्रेसबरोबर सत्तेत होती आणि बहुतेक काळ धाकटी असूनही तिची भरभराट झाली. २००४ मध्ये तर १२४ जागा लढवून ७१ जिंकल्या, १५७ लढवणाऱ्या काँग्रेसला ६९ मिळाल्या. तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसच्या विलासराव देशमुखांना दिलं आणि बदल्यात जादा मंत्रिपदं घेतली. यावर आजही वाद होतात. खाती घेऊन पक्ष वाढवता येतो पण चेहरा घडत नाही, असं माझं मत आहे. २००९ मध्ये काँग्रेस ८२ वर गेली आणि राष्ट्रवादी ६२ वर उतरली. जळगाव जिल्ह्यात मात्र त्या वर्षी राष्ट्रवादीचे अकरापैकी पाच आमदार होते. २०१४ मध्ये आघाडी तुटल्यावर उरला एक. भुसावळचे संजय सावकारे २००९ मध्ये घड्याळावर निवडून आले होते, २०१४ मध्ये कमळावर आले, आणि आज ते भाजपचे मंत्री आहेत. मतदारसंघ तोच, माणूस तोच, चिन्ह तेवढं बदललं.

महापालिकेत हेच आणखी उघड्यावर घडलं. २०१८ मध्ये जळगावच्या ७५ जागांपैकी भाजपला ५७, शिवसेनेला १५, एमआयएमला ३. सेना संपली असं तेव्हा म्हटलं गेलं. मार्च २०२१ मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली, करोनामुळे मतदान ऑनलाइन होतं. सेनेच्या जयश्री महाजन यांना ४५ मतं पडली, भाजपच्या उमेदवाराला ३०. सेनेचे १५, एमआयएमचे ३ आणि भाजपचे फुटलेले २७. राज्यात सत्ता बदलली होती आणि नगरविकास खातं तेव्हा शिवसेनेकडे होतं, एवढं सांगितलं की बाकीचं जळगावकरांना विचारायची गरज नाही. मतदाराने १५ वर बसवलेला पक्ष अडीच वर्षांत महापौरपदावर गेला आणि मधे मतदाराला कोणी काही विचारलं नाही.

लहान मित्रपक्षांना तर मोठ्याचं चिन्हच खाऊन टाकतं. दौंडचे राहुल कुल २०१४ मध्ये महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाचे आमदार म्हणून निवडून आले. २०१९ मध्ये ते कमळावर लढले. कमळावर निवडून आलेला आमदार कायद्याने भाजपचा, त्याला व्हिप भाजपचा. जागा मित्रपक्षाच्या कोट्यात दाखवली जाते खरी, पण विधानसभेच्या दप्तरी तो पक्ष उरत नाही.

मुख्यमंत्रिपद धाकट्याकडे असलं तर मात्र सगळा हिशेब फिरतो. बिहारमध्ये २०२० साली भाजपचे ७४ आणि नितीशकुमारांच्या संयुक्त जनता दलाचे ४३ आमदार होते. मुख्यमंत्री नितीशच राहिले, आणि २०२५ मध्ये त्यांचा पक्ष ८५ वर गेला. २०२२ ते २०२४ मध्ये शिंदेंचंही असंच होतं. आमदार चाळीसच्या आसपास, खुर्ची पहिली. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपयांची योजना आली तिच्या नावातच ‘मुख्यमंत्री’ होतं, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण. अर्थसंकल्पात ती जाहीर केली अजित पवारांनी, महिला व बालविकास खातं त्यांच्याच पक्षाच्या अदिती तटकरे यांच्याकडे. राष्ट्रवादीच्या जाहिरातींत नावातला ‘मुख्यमंत्री’ गळाल्यावरून मंत्रिमंडळात कुरबुरीही झाल्या. वरवर हास्यास्पद, पण धाकट्यांसाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता, कारण खात्यात पडलेल्या पैशावर नाव एकाचंच राहतं. ५ डिसेंबर २०२४ पासून मुख्यमंत्रिपद भाजपकडे आहे.

मोठ्याचा धाकटा होण्याचा प्रवास गोव्यात शेवटापर्यंत झालेला दिसतो. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत ३० पैकी १६ जागा जिंकणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९९४ मध्ये भाजपचा मोठा भाऊ होता. मगोचे १२ आमदार आले, भाजपचे ४, आणि तिथल्या विधानसभेत भाजपचा तो पहिलाच प्रवेश. १९९९ मध्ये भाजप १०, मगो ४. त्यानंतर मगोने कधी दोन, कधी तीन आमदार आणले, पुन्हा पुन्हा सत्तेत धाकटा म्हणून बसला, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच्या तीनपैकी दोन आमदारांनी पक्षच भाजपमध्ये विलीन केल्याचं जाहीर केलं. तरीही मगो आहे, कारण काही तालुक्यांत त्याचे पाय अजून रोवलेले आहेत. २०२२ मध्ये दोन जागा जिंकून तो पुन्हा सरकारात गेला.

जळगावच्या धाकट्यांना पुढे सर्वांत मोठा धोका मला दिसतो तो मतदारसंघांच्या फेररचनेचा. ‘विद्यमान आमदाराची जागा त्याच्या पक्षाला’ हा नियम युतीतल्या भांडणांवरचा एकमेव तोडगा आहे, आणि तो चालतो मतदारसंघ आहे तसा राहिला तरच. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठरवल्या आहेत, त्याही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेला जोडून. तसं झालं तर कोणती जागा कोणाची, हे सगळंच पुन्हा मांडावं लागेल. या जिल्ह्याने ते एकदा पाहिलं आहे. २००९ च्या निवडणुकीआधी यावल आणि पारोळा हे मतदारसंघ गेले, जळगावचे शहर आणि ग्रामीण असे दोन झाले, बाराचे अकरा उरले. गुलाबराव पाटील १९९९ आणि २००४ मध्ये एरंडोलमधून निवडून आले होते. नव्या जळगाव ग्रामीणमध्ये ते २००९ ला उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या गुलाबराव देवकरांकडून पडले. ती जागा सेनेची व्हायला २०१४ उजाडावं लागलं.